क्लॅन टार्टन

स्कॉटलंडमधील एखाद्या क्लॅनच्या, म्हणजे कुळाच्या, नावाने ओळखले जाणारे चौकड्यांचे लोकरी कापड. ताण्यात, म्हणजे उभ्या धाग्यांत, रंगीत धाग्यांचा जो क्रम, तोच सहसा बाण्यात, म्हणजे आडव्या धाग्यांत, असतो. दोन रंग जिथे एकमेकांना छेदतात तिथे मिश्र छटा उमटते. या क्रमाला ‘सेट’ म्हणतात. बहुतेक सेट एका पट्ट्यापाशी पोचून उलटे फिरतात, त्यामुळे विणकराला अर्धीच मोजणी लिहून ठेवली तरी पुरते. एखाद्या घराण्याच्या टार्टनचा माग काढताना रंगाच्या छटेवर विसंबता येत नाही, कारण ती रंगाऱ्यागणिक बदलते. पट्ट्यांचा क्रम आणि त्यांचे परस्परप्रमाण यांवरच भिस्त ठेवावी लागते.

कापड म्हणून टार्टन खरोखरच प्राचीन आहे. फॉल्कर्क येथे रोमन नाण्यांनी भरलेल्या मडक्याच्या तोंडाशी सापडलेला चौकड्याचा तुकडा इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातला आहे. ग्लेन ॲफ्रिकच्या दलदलीतून मिळालेला तुकडा रंगद्रव्यांच्या तपासणीवरून व कार्बन-कालमापनावरून 1500 ते 1600च्या दरम्यानचा ठरला. मात्र यांपैकी कशालाही कुळाचे नाव चिकटवता येत नाही. लेखक मार्टिन मार्टिन यांनी 1703 साली हायलँडमधील, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातील, माणसाच्या कापडावरून त्याचे ठिकाण ओळखता येते असे लिहिले. तेही ठिकाण, कूळ नव्हे. अठराव्या शतकाच्या आरंभी रिचर्ड वेट यांनी ग्रँट कुळातील माणसांची चित्रे काढली, त्यांत ज्याच्या त्याच्या अंगावर वेगळे टार्टन दिसते. एका कुळाचे एकच टार्टन असते, तर ते इथे हमखास दिसले असते.

कलोडनच्या लढाईत राजसत्तेविरुद्ध उठलेल्या बंडखोरांचा पराभव झाल्यानंतर 1746च्या कायद्याने हायलँडच्या पुरुषांना हा पोशाख घालण्यास बंदी झाली. ती 1782 पर्यंत टिकली. सैन्याला मात्र मुभा होती, म्हणून पुढची कडी पलटणींत सापडते. ब्लॅक वॉच पलटणीच्या निळ्या-हिरव्या-काळ्या कापडात एखादी रेघ वाढवून नवे नमुने तयार झाले. 1793च्या सुमारास हंटलीच्या फोर्साइथ यांनी गॉर्डनच्या ड्यूककडे एक, दोन व तीन पिवळ्या रेघांचे नमुने पाठवले. ड्यूकने एका रेघेचा निवडला आणि तो गॉर्डन टार्टन झाला.

नावांचा सर्वांत मोठा उगम बॅनकबर्नच्या विल्यम विल्सन अँड सन्स या विणकर पेढीत आहे. तिथे पुष्कळ नमुने आधी नुसत्या क्रमांकाने विकले जात. 1815 साली लंडनच्या हायलँड सोसायटीने कुळप्रमुखांकडे त्यांच्या टार्टनचे सही-शिक्क्याचे नमुने मागितले, तेव्हा आपले टार्टन कोणते हेच अनेकांना ठाऊक नव्हते. 1822 साली राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला येणार म्हणून मागणी आणखी चढली. मॅकफर्सन टार्टनचा इतिहास तर अस्वस्थ करणारा आहे: तोच नमुना पेढीत ‘किड’ या नावानेही ओळखला जाई, कारण किड नावाच्या गिऱ्हाइकाने तो वेस्ट इंडीजमधील गुलामांच्या कपड्यांसाठी घेतला होता.

1842 साली सोबिएस्की स्टुअर्ट म्हणवणाऱ्या दोन भावांनी 75 टार्टनांचा ग्रंथ काढला आणि त्यामागे सोळाव्या शतकातील हस्तलिखित असल्याचे सांगितले. ते मूळ हस्तलिखित तपासणीसाठी कधीच पुढे आले नाही. तरीही त्यातले कितीतरी सेट आज घराण्याचा वारसा म्हणून अंगावर मिरवले जातात. त्यांना खोटे म्हणून टाकून देणे योग्य नाही. पावणेदोनशे वर्षे लोकांनी लग्नात नि अंत्ययात्रेत ते वापरले आहेत. त्यांचे वय मात्र 1842 पासूनच मोजावे.

घराण्याचा शोध घेताना विल्सन पेढीची 1819ची नमुनावही, हायलँड सोसायटीचा संग्रह आणि जुनी व्यक्तिचित्रे आधी पाहावीत. 2009 पासून एडिंबरोत स्कॉटिश टार्टन नोंदवही ही सरकारी नोंद ठेवली जाते. तिथे आजही नवे सेट नोंदवता येतात, त्यामुळे नोंद सापडली म्हणजे नमुना जुना ठरत नाही. नोंदीतील तारीख आणि मूळ आधार वेगळे वाचावे लागतात.