घाम न येणाऱ्या शरीरासाठी घर

युद्धात गंभीर जखमी झालेल्या माजी सैनिकांना सोयीचं घर बांधता यावं म्हणून अमेरिकेत १९४८ पासून सरकारी अनुदान मिळतं. अशा घराची बातमी आली की फोटो बहुतेक वेळा रॅम्पचा असतो. रॅम्प हवाच. एक फूट चढायला बारा फूट लांबी दिली, की शंभर किलोंची व्हीलचेअर (माणसासकट) वर न्यायला आठेक किलो उचलण्याइतकाच जोर लागतो. रुंद दारं आणि खुर्ची वळवायला पाच फुटांची मोकळी जागाही हवी. पण मला या घरांतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते ती फोटोत न दिसणारी: खोलीचं तापमान.

स्वस्थ बसलेल्या माणसाच्या शरीरातही सुमारे शंभर वॅट उष्णता सतत तयार होते. ती बाहेर टाकण्याचा हुकूम मेंदूतला हायपोथॅलॅमस देतो. हा हुकूम मज्जारज्जूतून खाली उतरतो आणि छातीच्या पहिल्या मणक्यापासून कमरेच्या दुसऱ्या मणक्यापर्यंतच्या पट्ट्यातून अनुकंपी चेतातंतूंवाटे (शरीराच्या आपोआप चालणाऱ्या क्रिया सांभाळणाऱ्या नसांवाटे) बाहेर पडतो. मग त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, घर्मग्रंथी पाझरू लागतात. एक ग्रॅम घाम वाळताना सुमारे २४०० जूल उष्णता घेऊन जातो. म्हणजे तासाला दीडशे ग्रॅम घाम वाळला, तर ते शंभर वॅट पूर्णपणे निघून जातात.

आता मज्जारज्जू मानेतच पूर्ण तुटला असेल तर? हुकूम सुटण्याच्या सगळ्या वाटा त्या जखमेच्या खाली राहतात. ग्रंथी शाबूत असतात, पण त्यांना निरोपच पोचत नाही. थंडीत रक्तवाहिन्या आवळणं आणि स्नायूंचं कुडकुडणंही असंच थांबतं. शरीराचं तापमान मग खोलीच्या तापमानामागे सरकू लागतं. 'जिद्द असेल तर सगळं जमतं' असं या सैनिकांना कौतुकानं सांगितलं जातं, ते मला खटकतं. घर्मग्रंथी जिद्दीनं चालत नाहीत.

पंखाही इथे दगा देऊ शकतो. त्वचा साधारण ३५ अंशांवर आणि हवा ४० अंशांवर असेल, तर कोरड्या अंगावर पंखा उष्णताच ओततो. अंगावर पाण्याचा फवारा मारून पंखा लावला तर मात्र तेच पाणी घामाचं काम करतं.

पाय गमावलेल्यांची अडचण वेगळी. एका पायावर शरीराची सुमारे १८ टक्के त्वचा असते. दोन्ही पाय मांडीतून गेले तर घाम वाळायची जागाच घटते. उरलेला भाग कृत्रिम पायाच्या सिलिकॉनच्या आवरणात कोंडलेला, आणि त्या पायांवर चालायला शक्ती जास्त लागते, म्हणून उष्णताही जास्त. खोल भाजलेल्या जागी लावलेल्या त्वचेला तर घाम जवळजवळ येतच नाही.

म्हणून अशा घरात एसी ही चैन समजू नये. तापमानाचं बटण खुर्चीवरून हात पोचेल अशा उंचीवर हवं. नळातल्या पाण्याचं तापमान ठरावीक मर्यादेत ठेवणारा व्हॉल्व्ह हवा. बेसिनखालच्या गरम पाइपला वेष्टण हवं, कारण संवेदना नसलेला गुडघा त्याला टेकून भाजला तरी कळत नाही. आणि वीज गेली तर एसी चालू ठेवणारा जनरेटर घराच्या पहिल्या नकाशातच, रॅम्पच्या बरोबरीनं, धरलेला असावा.