ब्रेस्ट पॅड आणि दूधगळती

अंगावर पाजणाऱ्या आईच्या स्तनांतून बाळ पीत नसतानाही दूध आपोआप येणे म्हणजे दूधगळती. ते दूध टिपून घेण्यासाठी ब्रेसियरच्या आत, स्तनाग्रावर ठेवायची मऊ, शोषक चकती म्हणजे ब्रेस्ट पॅड. दुकानात ती ‘नर्सिंग पॅड’ या नावानेही मिळते. गळती हा आजार नव्हे. बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत ती पुष्कळ जणींना होते, काहींना कधीच होत नाही, आणि दोन्ही तितकेच स्वाभाविक आहे. मात्र हा विषय घरात दबक्या आवाजात बोलला जातो, त्यामुळे पहिलटकरणीला अगदी साध्या गोष्टीही कोणी आधी सांगत नाही. ब्लाउजवर ओला डाग दिसला की मगच तिला कळते.

पान्हा आणि गळती

दूध तयार होणे आणि ते बाहेर येणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. पहिली मुख्यतः प्रोलॅक्टिन या संप्रेरकावर चालते, दुसरी ऑक्सिटोसिनवर. बाळ स्तनाग्र चोखू लागले की मेंदूपर्यंत संदेश जातो, पीयूषिका ग्रंथीच्या मागच्या भागातून ऑक्सिटोसिन रक्तात येते आणि दूध बनवणाऱ्या सूक्ष्म पिशव्यांभोवतीच्या स्नायुपेशी आकसतात. दूध नलिकांमध्ये ढकलले जाते. यालाच पान्हा फुटणे म्हणतात. काहींना तेव्हा छातीत मुंग्या आल्यासारखे किंवा एकदम भरून आल्यासारखे वाटते, काहींना काहीच जाणवत नाही.

ऑक्सिटोसिन रक्तातून सगळीकडे पोचते, म्हणून पान्हा एकाच बाजूला येत नाही. बाळ उजवीकडे पीत असताना डावा स्तन गळतो तो यामुळेच. शिवाय चोखण्याचीही गरज उरत नाही. काही दिवसांत शरीराला सवय लागते आणि बाळाचे रडणे, त्याच्या अंगाचा वास, नुसती आठवण यांनीही पान्हा येतो. बसमध्ये दुसऱ्याचे मूल रडले तरी पदर भिजतो. उष्णतेनेही दूध सुटते. आपल्याकडे बाळंतिणीला कढत पाण्याने न्हाऊ घालतात आणि शेक देतात, त्या वेळी दूध वाहू लागणे अगदी नेहमीचे. शरीरसंबंधातही ऑक्सिटोसिन स्रवते, तेव्हाही गळती होऊ शकते. हे नवराबायको दोघांनाही ठाऊक असलेले बरे, म्हणजे ओशाळल्यासारखे होत नाही.

नलिकांच्या तोंडाशी स्नायूंची जी हलकी पकड असते ती या दाबापुढे टिकत नाही. २००५ साली पश्चिम ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी अल्ट्रासाउंडने केलेल्या पाहणीत एका स्तनात सरासरी नऊ मुख्य नलिका स्तनाग्राकडे जाताना आढळल्या. त्यामुळे दूध एका ठिकाणाहून न येता अनेक छिद्रांतून झिरपते, कधी बारीक धारांनी उडतेही. पान्ह्याशिवाय, केवळ स्तन भरून आल्यानेही गळती होते. बाळ नेहमीपेक्षा जास्त वेळ झोपले की पहाटे अंथरूण ओले झालेले असते.

गरोदरपणाच्या उत्तरार्धातच काहींना चिकाचे थेंब दिसू लागतात. प्रसूतीनंतर साधारण दोन ते चार दिवसांत दूध उतरते आणि गळतीचा जोर तेव्हापासून पहिले सहा ते दहा आठवडे असतो. सुरुवातीला दुधाचे प्रमाण संप्रेरकांच्या बळावर ठरते. पुढे बाळ जितके पिते आणि स्तन जितका रिकामा होतो, त्यानुसार ते जुळत जाते. मग गळती आपोआप ओसरते. रात्रभर झोपू लागलेले बाळ किंवा कामावर परतलेली आई, असा काही बदल झाला की ती पुन्हा डोके वर काढते.

गळतीवरून दुधाचे माप काढू नये. ‘हिचे तर थेंबभरही गळत नाही, दूध कमीच असणार’ हा घरोघरी ऐकू येणारा निष्कर्ष चुकीचा आहे आणि त्यापायी नाहक वरचे दूध सुरू होते. गळती थांबली म्हणजे दूध आटले, हेही खरे नाही. बाळाला पुरते की नाही हे त्याचे वाढते वजन आणि दिवसभरात ओली होणारी दुपटी सांगतात.

पॅडचे प्रकार

सर्वांत जुना प्रकार घरातलाच आहे: जुन्या सुती साडीचा, धोतराचा किंवा मलमलचा धुऊन मऊ झालेला तुकडा, चौपदरी घडी घालून चोळीत ठेवलेला. पहिल्या दिवसांत, आई घरीच असते आणि स्तनाग्रे हुळहुळी झालेली असतात तेव्हा, यापेक्षा चांगली वस्तू बाजारात शोधूनही मिळणार नाही. हवा खेळती राहते, ओले झाले की लगेच समजते आणि खर्च नाही. ओल बाहेर उमटते आणि घडी सरकते, एवढीच अडचण. ती बाहेर जाताना नडते.

धुऊन वापरायच्या शिवलेल्या पॅडमध्ये बहुधा तीन थर असतात. त्वचेकडे सुती किंवा बांबूचे कापड, मध्ये शोषक थर, बाहेर पॉलियुरेथेनचा लेप दिलेले जलरोधक कापड. ‘बांबू’ म्हणून विकले जाणारे कापड बहुतेक वेळा बांबूच्या लगद्यापासून रासायनिक प्रक्रियेने काढलेले व्हिस्कोस असते. ते मऊ आणि शोषक असते हे खरे, पण केवळ ‘नैसर्गिक’ या शब्दासाठी जास्त पैसे मोजण्याचे कारण नाही. थंड हवेच्या देशांत लोकरीचे पॅडही वापरतात. ओले झाले तरी ते ऊब धरतात, म्हणून थंडीने स्तनाग्रे पांढरी पडून ठणकतात अशा स्त्रियांना ते सोयीचे पडतात.

एकदा वापरून टाकायच्या पॅडमध्ये बाळाच्या डायपरमध्ये असते तेच सोडियम पॉलिअॅक्रिलेट असते. ते दूध शोषून जेलसारखे होते. पॅड पातळ असतो, मागच्या चिकटपट्टीने जागचा हलत नाही आणि प्रवासात निर्धास्त वाटते. काही जणी अडीअडचणीला सॅनिटरी नॅपकिन कापून वापरतात. जेल असलेला नॅपकिन कापला की त्याचे कण बाहेर येऊन स्तनाग्राला चिकटतात आणि पुढे बाळाच्या तोंडात जाऊ शकतात, म्हणून तो कापू नये. त्यापेक्षा रुमालाची घडी बरी.

सिलिकॉनचे पॅड दूध शोषत नाहीत, स्तनाग्रावर हलका दाब ठेवून ते रोखतात. पातळ कपड्यांखाली, समारंभाला, तासा-दोन तासांसाठी ते ठीक. पहिल्या आठवड्यांत किंवा स्तन दाटलेले असताना दिवसभर लावून ठेवू नयेत.

निवड आणि वापर

निवडताना छापील दाव्यांपेक्षा एक घरगुती पारख अधिक उपयोगी पडते. पॅडवर दोन चहाचे चमचे, म्हणजे साधारण १० मि.ली. पाणी ओतावे, मिनिटभर थांबावे आणि कोरडा टिश्यू पेपर दाबून पाहावा. कागद फार ओला झाला तर त्वचाही ओलीच राहणार. सुवासिक पॅड टाळावेत. वासाने त्वचेला खाज येऊ शकते, आणि बाळ आईला वासाने ओळखते. पॅड स्तनाग्राच्या भोवतालचा गडद भाग पूर्ण झाकेल एवढा मोठा, स्तनाच्या गोलाईप्रमाणे खोलगट आणि मधोमध शिवण नसलेला असावा. तो ठेवायला ब्रेसियरमध्ये थोडी जागा हवी. घट्ट ब्रेसियर किंवा रुतणारी तार स्तनाचा एखादा भाग दाबून धरते आणि तिथे दूध साठून गाठ येते.

पण कोणता पॅड घेतला यापेक्षा तो किती वेळाने बदलला हे जास्त महत्त्वाचे आहे. ओल्या पॅडखाली स्तनाग्राची त्वचा मऊ पडते, भेगा रुंदावतात आणि उबदार ओलाव्यात कँडिडा ही बुरशी वाढायला वाव मिळतो. जलरोधक थर जितका पक्का, तितकी आत वाफ कोंडते. म्हणून दर पाजण्याच्या वेळी पॅड पाहावा आणि ओला असेल तर लगेच बदलावा. घरात असताना दिवसातून काही वेळ तो काढून स्तनांना मोकळी हवा द्यावी. पॅड स्तनाग्राला चिकटला असेल तर ओढू नये. कोमट पाण्याने भिजवला की तो सुटतो. ओढल्यास भेगेवरची खपली निघते.

धुण्याचे पॅड आधी गार पाण्यात खळबळावेत. कडक गरम पाणी थेट टाकले तर दुधातील प्रथिने कापडात बसतात आणि डाग पक्के होतात. मग नेहमीच्या साबणाने धुऊन उन्हात वाळवावेत. कपडे मऊ करणारे द्रावण वापरू नये, त्याचा थर बसून शोषकता कमी होते. बुरशीचा संसर्ग झाला असेल तर गार पाण्यात खळबळल्यानंतर गरम पाण्यात धुणे आवश्यक ठरते. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर जाड पॅड दोन-दोन दिवस वाळत नाहीत. आंबूस, दमट पॅड पुन्हा लावण्यापेक्षा पावसाळ्यात पातळ सुती घड्या जास्त संख्येने ठेवाव्यात. टाकाऊ पॅडमध्ये प्लॅस्टिक असते, ते ओल्या कचऱ्यात किंवा शौचकुपात टाकू नयेत. वापरलेले नॅपकिन आणि डायपर कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढून देण्याची जी पद्धत पुण्यातील कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ संस्थेने मांडली, तीच इथेही लागू करावी. कचरा हाताने वेगळा करणारीही बहुधा बाईच असते.

गळती आवरणे

पान्हा येत असल्याची चाहूल लागली की दोन्ही हात छातीवर आडवे घेऊन तळव्यांनी स्तनाग्रांवर बरगड्यांच्या दिशेने सरळ दाब द्यावा. अर्ध्या ते एक मिनिटात दूध बहुधा थांबते. हाताची घडी घातल्यासारखेच दिसते, त्यामुळे चारचौघांत कोणाच्या लक्षात येत नाही. मात्र पहिल्या काही आठवड्यांत हा उपाय वारंवार करू नये. भरलेला स्तन सतत रोखून धरला तर तो दाटतो. बाहेर निघण्यापूर्वी बाळाला पाजणे हा साधा आणि खात्रीचा मार्ग. गडद किंवा नक्षीच्या कापडावर ओल दिसत नाही. साडीचा पदर आणि ओढणी यांचे काम सांगायला नकोच.

गळती कमी व्हावी म्हणून पंपाने स्तन रिकामे करत राहणे उलट अंगाशी येते. जितके दूध काढाल तितके अधिक बनते, आणि दुसऱ्या दिवशी गळती वाढलेली असते. स्तन दगडासारखे झाले तर आराम पडेल एवढेच हाताने काढावे.

पाजताना दुसऱ्या बाजूने गळणारे दूध स्वच्छ, उकळलेल्या भांड्यात धरून ठेवता येते. ताजे दूध खोलीच्या तापमानाला (२५ अंश सेल्सिअसपर्यंत) चार तास आणि फ्रिजमध्ये चार दिवस टिकते, असे धरतात. आपल्या उन्हाळ्यात ते लगेच फ्रिजमध्ये ठेवावे. ब्रेसियरमध्ये तासन्‌तास घातलेल्या वाटीत साठलेले दूध मात्र बाळाला देऊ नये, अंगाच्या उबेने त्यात जंतू वाढतात. आपोआप ठिबकणाऱ्या दुधात स्निग्धांश कमी असतो, त्यामुळे फक्त त्यावर बाळाचे पोट भरू नये. ज्यांना खरोखर भरपूर दूध येते त्या मातृदुग्धपेढीला दान देऊ शकतात. आशियातील पहिली अशी पेढी १९८९ साली मुंबईत, शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने सुरू झाली. तेथील दूध मुदतपूर्व जन्मलेल्या आणि आजारी अर्भकांच्या कामी येते.

कामावर आणि प्रवासात

१९६१ च्या प्रसूती लाभ कायद्याने बाळ पंधरा महिन्यांचे होईपर्यंत कामाच्या वेळेत पाजण्यासाठी रोज दोन सुट्या दिल्या. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी रजा २६ आठवडे केली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सक्ती केली. सव्वीस आठवड्यांनी परतणाऱ्या आईची गळती बहुधा ओसरलेली असते. घरकामाला, शेतमजुरीला, ऊसतोडीला जाणाऱ्या बाईला ही रजा मिळत नाही. ती दूध सर्वाधिक वाहते त्याच काळात कामावर उभी असते, आणि तिला ओली चोळी बदलायला आडोसाही नसतो. महाराष्ट्रातील एसटी स्थानकांवर आणि सरकारी कार्यालयांत पाजण्यासाठी हिरकणी कक्ष आहेत, रायगडाचा कडा उतरून तान्ह्याकडे गेलेल्या गवळणीचे नाव त्यांना दिलेले आहे. जिथे कक्षाला कुलूप नसते, तिथे पॅड बदलायलाही ती योग्य जागा आहे.

बाळ दगावले तरी पान्हा येतो, आणि ही गोष्ट रुग्णालयातून घरी जाताना त्या आईला आणि तिच्या माणसांना आधी सांगायलाच हवी. तिच्या पिशवीत पॅड असावेत. गार पट्ट्या, आधार देणारी पण न आवळणारी ब्रेसियर आणि दुखेल तेव्हा थोडेसे दूध काढणे यांनी ताण कमी होतो; छाती कापडाने घट्ट बांधू नये. दूध थांबवणारी औषधे आहेत, ती द्यायची की नाही हे डॉक्टर ठरवतात.

डॉक्टरांकडे केव्हा जावे

स्तनाचा एखादा भाग लाल, गरम आणि दुखरा होऊन ताप आला, तर त्याच दिवशी दाखवावे. पाजणे थांबवण्याची सहसा गरज नसते. स्तनाग्रे सतत चुरचुरत असतील आणि बाळाच्या तोंडात पुसून न जाणारे पांढरे चट्टे दिसले, तर दोघांवर एकाच वेळी उपचार करावे लागतात. पहिल्या काही दिवसांत चिकाला गंजासारखा तांबूस रंग येऊ शकतो, तो सहसा आठवड्याभरात जातो. त्यानंतरही पॅडवर रक्त दिसले, विशेषतः एकाच बाजूला, तर तपासणी टाळू नये. अंगावरचे तोडल्यावर काही महिने थेंब येत राहणे नेहमीचेच आहे. परंतु गरोदरपण किंवा स्तनपान नसताना दूध येऊ लागले, पाळी अनियमित झाली किंवा डोकेदुखीसोबत नजर अंधुक झाली, तर प्रोलॅक्टिनची रक्ततपासणी करून घ्यावी. काही औषधांनी, थायरॉइडच्या विकाराने किंवा पीयूषिका ग्रंथीतील गाठीने हे संप्रेरक वाढलेले असू शकते.