समितीवरच्या मॅडम आणि समता सल्लागार

कुठल्याही कचेरीत गेले की माझी ओळख ‘पॉशवाल्या मॅडम’, म्हणजे कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या तक्रारी बघणाऱ्या समितीवरच्या, अशी करून दिली जाते. त्यात आता कॉलेजातल्या पोरांचे फोन. ‘ताई, डायव्हर्सिटीत करिअर करायचंय, कुठल्या समितीवर नाव घालू?’ कुठल्याच नको. समितीचं काम आणि डायव्हर्सिटीचं, म्हणजे समता सल्लागाराचं, ही दोन वेगळी कामं आहेत.

समिती तुम्हाला ठाऊक असते. लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा ‘पॉश’ कायदा, दहा किंवा जास्त माणसं कामाला असली की अंतर्गत समिती, अध्यक्षपदी तिथलीच वरिष्ठ बाई, निम्म्या तरी सदस्य बायका, बाहेरचा एकजण, चौकशीला 90 दिवस. बाहेरच्या सदस्याला नियमात भत्ता आहे दिवसाला 200 रुपये आणि प्रवासखर्च. ह्यावर कुणाचं घर चालणार असेल तर मलाही सांगा.

समता सल्लागार बघतो ती सेवा. दवाखाना, एसटी, पंचायत कुणाकुणापर्यंत पोचत नाही आणि का. ब्रिटनमध्ये 2010 च्या समता कायद्याच्या 149 व्या कलमाने हा विचार सरकारी संस्थांचं कर्तव्यच ठरवला, म्हणून तिथे ह्या कामाला रीतसर पदं आहेत. आपल्याकडे असं एकच कलम नाही. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा, 2019 चा तृतीयपंथी व्यक्तींचा कायदा असं तुकड्यातुकड्यांनी काम मिळतं.

गोंधळ होतो तो ‘तक्रार’ ह्या एका शब्दावर. समिती लेखी तक्रारीशिवाय हलत नाही, तिने हलूही नये. सल्लागाराचं काम मात्र जिथे तक्रारच येत नाही तिथे सुरू होतं. किनाऱ्यावरच्या एका दवाखान्यात साहेब मोठ्या अभिमानाने म्हणाले, ‘आमच्याकडे अपंगांची एकही तक्रार नाही.’ कशी असेल? एका बाजूला वाडीतून चढून येणारी जांभ्याच्या पायऱ्यांची पाखाडी, दुसऱ्या बाजूला रस्त्याकडून नवाकोरा रॅम्प. टेप लावली. जोतं 3 फूट, रॅम्प 12 फूट. एकास बाराचा उतार धरला तर 36 फूट हवा. तो रॅम्प नव्हे, घसरगुंडी. तक्रार करायला माणूस आधी खिडकीपर्यंत पोचावा लागतो! तिथेच ओपीडीची वेळ नेमकी मासळीच्या लिलावाची. ‘वेळ सगळ्यांना सारखीच आहे की,’ साहेब म्हणाले. हे वाक्य ऐकलं की माझं डोकं उठतं. टोपली डोक्यावर घेतलेल्या बाईला सकाळची ती वेळ म्हणजे दार बंदच.

दुसरी गोष्ट गुप्ततेची. समितीत ऐकलेलं कायद्याने बाहेर बोलता येत नाही. सल्लागाराला तर सापडलेलं सगळं अहवालात लिहून वरिष्ठांपुढे ठेवायचं असतं. एका कचेरीने मला ‘दोन्ही तुम्हीच बघा, एका फेरीत होईल’ असं सुचवलं होतं. बदलीचे नियम मीच लिहून द्यायचे, आणि उद्या त्याच नियमांच्या आडून साहेबाने त्रास दिला म्हणून कुणी तक्रार घेऊन आली तर चौकशीला मीच बसायचं? नाही म्हटलं. चहा मात्र प्यायले.

आणि आठ मार्चला गुलाबाचं फूल देऊन जे तासाभराचं व्याख्यान ठेवतात, ते ह्या दोन्हीत बसत नाही. ते मी आता घेत नाही.

फोन करणाऱ्यांना मी एकच काम देते: एक दिवस तुमच्या एसटी स्टँडवर बसा आणि काय दिसलं ते लिहून पाठवा. बहुतेकांचा पुन्हा फोन येत नाही. परवा एकीने दोन पानं पाठवली. चौकशीच्या खिडकीचा कट्टा किती इंच, भोंग्यावरची घोषणा कुठल्या बाकापर्यंत ऐकू येते, बायकांच्या मुतारीला कुलूप कधी लागतं आणि चावी कुणाकडे असते. पुढच्या महिन्यात तिला बरोबर नेतेय.