हॉर्नस्ट्रांदिरचा कोल्हा काय खातो? आईसलँडला येणाऱ्या मंडळींसाठी माहितीपत्रक

नमस्कार मंडळी,

आईसलँडच्या ग्रुपचं बुकिंग झालं की दोन प्रश्न हमखास येतात, पांढरा कोल्हा दिसेल ना आणि त्याला खायला काही न्यायचं का. फोनवर घाईघाईत सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून दिलेलं बरं म्हणून हे पत्रक. निघायच्या आधी घरातल्या सगळ्यांनी वाचा, लहान मुलं सोबत असतील तर त्यांना वाचून दाखवाच.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर पटकन देतो. आपण जातो जुलैमध्ये, आईसलँडच्या वायव्य टोकाला, ईसाफ्योर्दुर गावातून बोटीने हॉर्नस्ट्रांदिरला. तिथे रस्ता नाही, गाडी नाही, 1950 च्या सुमारास शेवटची माणसंही घरं सोडून गेली आणि 1975 पासून हा सगळा भाग राखीव आहे. तिथले बहुतेक कोल्हे चॉकलेटी रंगाचे असतात आणि बाराही महिने तसेच राहतात, कारण किनाऱ्यावर ऐन थंडीतसुद्धा काळे खडक आणि ओलं शेवाळ उघडं असतं, तिथे पांढरा रंग घेऊन लपायचं कुठे? हिवाळ्यात पांढरे होणारेही थोडे आहेत पण जुलैत तेसुद्धा मातकट दिसतात. तेव्हा कॅलेंडरवरचा पांढराशुभ्र कोल्हा डोक्यातून काढून टाका, हा चॉकलेटीसुद्धा बघत राहावं असा देखणा असतो.

आता खाण्याचं.

आर्क्टिक कोल्हा म्हटलं की टीव्हीवर बर्फात तोंड खुपसून लेमिंग पकडणारा दाखवतात. लेमिंग म्हणजे उंदराच्या कुळातला छोटा गुबगुबीत प्राणी. कॅनडाच्या उत्तरेला, सायबेरियात, नॉर्वे-स्वीडनच्या डोंगरांवर कोल्ह्याचं सगळं गणित या लेमिंगवरच चालतं. साधारण तीन ते पाच वर्षांनी लेमिंगची संख्या एकदम फुगते आणि मग धाडकन कोसळते, फुगलेल्या वर्षी एकेका मादीला दहा-बारा, कधी त्याहूनही जास्त पिल्लं होतात आणि पडत्या वर्षी कित्येक जोड्या पिल्लंच घालत नाहीत. आईसलँडमध्ये मात्र लेमिंग नाहीच! हा कोल्हा हिमयुगाच्या शेवटी गोठलेल्या समुद्रावरून चालत तिथे आला आणि माणूस येण्याआधी जमिनीवर राहणारा त्या बेटावरचा तो एकमेव सस्तन प्राणी होता. मग त्याने पोट कशावर भरलं? तर समुद्रावर. म्हणून इथे पिल्लं चार-पाचच होतात, पण दरवर्षी होतात, कारण समुद्र लेमिंगसारखा दगा देत नाही.

हॉर्नब्यार्गचा कडा तुम्ही बघालच, 534 मीटर उंच, सरळ समुद्रात उतरलेला. उन्हाळ्यात तिथे गिलेमॉट, पफिन, किटिवेक, फुलमार अशा पक्ष्यांची इतकी गर्दी असते की शेजारी उभ्या माणसाशी मोठ्याने बोलावं लागतं, आणि वास तर बोटीतूनच यायला लागतो. कोल्ह्यांसाठी यासारखी जागा नाही. ज्या जोडीच्या हद्दीत कड्याचा तुकडा येतो तिची चैन, आणि म्हणूनच इथे कोल्ह्यांची इतकी दाटी आहे, आईसलँडमध्ये दुसरीकडे एवढे जवळ जवळ राहणारे कोल्हे सापडत नाहीत. माणसाचा पाय ठरणार नाही अशा कंगोऱ्यांवरून ते आरामात उतरतात, अंडी उचलतात, पिल्लं उचलतात, खाली पडलेला पक्षी असेल तर तोही सोडत नाहीत. फुलमारचं पिल्लू जवळ येणाऱ्यावर घाण वासाचं तेलकट ओकतं, तरीपण कोल्हा फुलमार खातोच.

अंड्यांच्या दिवसांत त्याचं काम बघण्यासारखं असतं. एक अंडं तोंडात अलगद धरायचं, दात लागू न देता, दुडक्या चालीने थोडं लांब जायचं, पुढच्या पायांनी मऊ जागी खड्डा करायचा, अंडं आत ठेवायचं आणि वरून माती-शेवाळ नाकाने दाबून दाबून बसवायचं, असं की दोन पावलांवरून तुम्हाला कळणारही नाही. मग परत कड्याकडे. कोकणात आगोटीची बेगमी करतात ना, अगदी तसंच चाललेलं असतं. कॅनडात हिमहंसांच्या वसाहतींजवळचे कोल्हे एका हंगामात अशी शेकडो अंडी पुरतात, आणि थंड जमिनीत ती इतकी टिकतात की पुढच्या वसंतात, नवीन अंडी यायच्या आधी, कोल्हे ती उकरून खातात हे संशोधकांनी तपासून पाहिलंय.

कड्याखालचा किनारा मात्र बरेच जण बघतच नाहीत आणि आम्हाला वाईट वाटतं. लाटांनी फेकलेलं समुद्रशेवाळ ढिगाने पडलेलं असतं, सडतं, आतून कोमट होतं आणि त्यात माश्यांच्या अळ्या वळवळत असतात. कोल्हा येतो, पंजाने एक थर बाजूला करतो आणि जिभेने अळ्या टिपायला लागतो, बराच वेळ, एकाच जागी, मान खाली घालून. एवढासा तीन-चार किलोचा प्राणी, त्याला असलं मूठभर खाणंही पुरतं, आणि पक्षी नसतात त्या दिवसांत या ढिगांचा फार आधार होतो. शिवाय किनाऱ्याला लागलेला मेलेला सील, मासे, खेकडे, शिंपले, जे मिळेल ते. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये क्रोबेरीची काळी बोरं पिकली की तीही खातात. किनाऱ्यापासून आत, डोंगराळ भागात राहणारे कोल्हे टार्मिगन नावाची रानकोंबडी, हंस, चिखलपक्षी आणि मेलेल्या मेंढ्या यावर जगतात. आपल्या माळरानावरचं खोकडसुद्धा किडे, उंदीर, बोरं सगळं खातं, तसाच हाही मिळेल ते खाणारा.

हिवाळ्याचं विचाराल तर शरद ऋतूतच अंगावर चरबीचा जाड थर चढलेला असतो, पुरून ठेवलेलं असतं, किनारा असतो आणि फुलमार तर थंडी सरायच्या आधीच कड्यावर परत यायला लागतात. पिल्लं मेच्या मध्यावर जन्मतात, म्हणजे अंडी आणि पक्षी भरपूर असतात नेमकं तेव्हाच.

ज्यांचं पुढे स्वालबार (नॉर्वेच्या उत्तरेचा बेटांचा समूह) किंवा कॅनडातल्या चर्चिलचं चाललंय त्यांच्यासाठी थोडं. स्वालबारला उन्हाळ्यात हंस आणि समुद्रपक्षी, पण हिवाळ्यात मुख्य आधार म्हणजे मेलेले रेनडियर. थंडीत पाऊस पडून गवतावर बर्फाचं कवच बसलं की रेनडियर उपाशी मरतात आणि कोल्ह्यांना तो हिवाळा बरा जातो. गोठलेल्या समुद्रावर ते ध्रुवीय अस्वलाच्या मागे मागे फिरतात, अस्वलाचा डोळा सीलच्या चरबीवर असतो, उरलेलं मांस यांना. आणि खाण्यासाठी किती लांब जावं? नॉर्वेच्या संशोधकांनी माग काढण्यासाठी गळ्यात पट्टा लावलेली एक तरुण मादी मार्च 2018 मध्ये स्वालबारहून निघाली आणि बर्फावरून ग्रीनलँडमार्गे कॅनडाच्या एल्समेअर बेटावर पोचली, 76 दिवसांत सुमारे 3500 किलोमीटर, एका दिवशी तर 155 किलोमीटर. हे वाचून आम्ही ऑफिसात सगळे गप्प झालो होतो.

आता दुसरा प्रश्न, खायला द्यायचं का.

नाही. चिवडा नाही, बाकरवडी नाही, थेपला नाही, उकडलेलं अंडं पण नाही. राखीव भागाचा नियम आहे हे तर आहेच, पण कारण समजून घ्या. हॉर्नस्ट्रांदिरमध्ये कोल्ह्याला संरक्षण आहे, हद्दीच्या बाहेर मात्र आईसलँडमध्ये कोल्ह्यांची शिकार कायद्याने चालते, मेंढपाळांना कोकरांची काळजी असते. इथली पिल्लं मोठी झाली की जागा शोधत बाहेर पडतात, आणि माणूस दिसला की खाऊ मिळतो हे शिकलेलं पिल्लू पलीकडच्या खोऱ्यात बंदूकवाल्याच्या समोरही तसंच विश्वासाने जाऊन उभं राहतं. आपण प्रेमाने टाकलेल्या तुकड्याने हे होऊ नये असं आम्हाला अगदी मनापासून वाटतं. स्वालबारला आणखी एक कारण आहे, तिथल्या कोल्ह्यांमध्ये रेबीज आढळतो, तेव्हा हात लावायचा तर विचारही नको.

कोणी म्हणतं, नॉर्वे-स्वीडनमध्ये तर सरकारच कोल्ह्यांना खायला घालतं. खरंय. पण तिथे फरसाठी इतकी शिकार झाली की स्वीडनने 1928 ला, नॉर्वेने 1930 ला आणि फिनलंडने 1940 ला संरक्षण देऊनही संख्या सावरली नाही, 2000 च्या आसपास तिन्ही देशांत मिळून शंभरही प्रौढ कोल्हे उरले नव्हते. त्यात लेमिंगची वर्षं बिघडली आणि खालून वर सरकणारा मोठा लाल कोल्हा त्यांच्या जागा बळकावायला लागला. म्हणून डोंगरात पेट्या ठेवून त्यात कुत्र्यांचं सुकं खाणं भरतात, तोंड इतकं अरुंद की लाल कोल्हा आत शिरू शकत नाही, शिवाय केंद्रात वाढवलेली पिल्लं सोडतात, आणि त्यामुळे आता संख्या काही शेपर्यंत पोचली आहे. हे काम जाणकार माणसं वर्षानुवर्षं हिशोब ठेवून करतात, माणूस दिसणारही नाही अशा ठिकाणी. पर्यटकाने हातातून बाकरवडी देणं हे त्यात बसत नाही.

तर बोटीवर चढताना खाणं घट्ट झाकणाच्या डब्यात, डबा सॅकमध्ये, सॅक अंगावर. जेवायला बसलात आणि कोल्हा जवळ आला, हे होतंच, तर डबा बंद करा आणि शांत बसून राहा, तो वास घेऊन निघून जातो. आजूबाजूच्यापेक्षा जास्त हिरवागार गवताचा उंचवटा दिसला तर तिथे बीळ असू शकतं, वर्षानुवर्षं पडलेल्या हाडांनी आणि विष्ठेने तिथली माती कसदार होते (चर्चिलजवळच्या बिळांवर मॅनिटोबा विद्यापीठाने हे मोजून दाखवलंय). पिसं, पंख, कोकराचं हाड पडलेलं दिसलं तर नक्कीच. तिथून लांब राहा, गाईड सांगेल तिथेच बसा, दुर्बीण आमच्याकडे आहे पण जास्तीची आणलीत तर सगळ्यांचीच सोय होईल.

बोटीच्या आदल्या दुपारी आपण सूदावीकच्या आर्क्टिक फॉक्स सेंटरला थांबतो. जुन्या लाकडी घरातलं छोटंसं ठिकाण आहे, तिथली माणसं कोल्ह्यांबद्दल भरभरून बोलतात. या पत्रकातलं काही खटकलं किंवा अजून काही विचारायचं असेल तर प्रश्न लिहून ठेवा आणि तिथे विचारा.