पंचनाम्यातला ‘ब्रेक फेल’

कर्नाटकातून अनमोड घाट उतरून गोव्यातल्या मोलेला थांबलेल्या भरल्या ट्रकाच्या मागच्या चाकांजवळ उभे राहा. जळक्या लायनरचा, म्हणजे ब्रेक लावला की ड्रमला घासणाऱ्या पट्टीचा, वास नाकात बसतो, कधी चाकाबरोबर फिरणाऱ्या त्या ड्रममधून धूरही येत असतो. हा ट्रक सुखरूप उतरला. जो उतरत नाही, त्याच्या पंचनाम्यात ‘ब्रेक फेल’ लिहितात आणि विषय संपतो.

ड्रम ब्रेक १९०२ च्या सुमाराचा, चारही चाकांना तेलाच्या दाबाचा ब्रेक १९२१ चा. जुना इतिहास इतका पुरे. गोव्याला घाटातल्या ब्रेकची खरी ओळख लोहखनिजाच्या तेजीत झाली, कर्नाटकातल्या बळ्ळारी-होस्पेटचा माल याच वाटेने उतरायचा तेव्हा.

घोळ आहे तो ‘फेल’ या शब्दाचा. ट्रकचा ब्रेक दाबलेल्या हवेवर चालतो, म्हणून ऐकणाऱ्याला वाटते, हवा गेली. पण हवेच्या ब्रेकमध्ये मागच्या चाकांवर दणकट स्प्रिंग असते. ती ब्रेक लावूनच ठेवते आणि हवेचा दाब तिला मागे रेटतो. हवा पार गेली तर गाडी सुटत नाही, जखडते. (ही सोय नसलेले जुने ट्रक वेगळे.) घाटात होते ते निराळेच. उतारभर पाय ब्रेकवर राहिला की ड्रम तापून फुगतो, लायनरपासून लांब सरकतो, आणि तापलेल्या लायनरची पकडही सुटते. सगळे भाग शाबूत, पण गाडी थांबत नाही. त्यात डिझेल वाचवायला न्यूट्रल केले असेल तर इंजिनाचा अडसरही गेला. माझ्या मते याला ‘फेल’ म्हणणे म्हणजे मालक आणि जादा माल दोघांनाही सोडून देणे.

छोट्या गाड्यांचे दुखणे पावसाळी. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. डॉट ३ प्रतीचे ताजे तेल २०५ अंशांच्या आत उकळू नये असा निकष आहे. पाणी मुरल्यावर तो १४० वर येतो. उकळले की वाफ होते, वाफ दबते आणि पेडल थेट तळाला जाते.

२०१२ ला गोव्यातल्या खाणी बंद झाल्या आणि चर्चा भाड्याच्या स्कूटरवर आली. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या सगळ्या नव्या दुचाकींना एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचे झाले, त्याखालच्यांना निदान दोन्ही ब्रेक एकत्र लागण्याची सोय. पण किनाऱ्यावरच्या कित्येक स्कूटरांना अजून ड्रम आणि वायरच आहे. खाऱ्या वाऱ्यात ती वायर आतून गंजते; लिव्हर जड लागू लागते ती तिथूनच.