उपग्रहाला घाट दिसत नाही

ट्रकच्या डॅशबोर्डवर लावलेल्या मोबाइलबद्दल एक गैरसमज फार पक्का आहे: वरून उपग्रह आपली गाडी बघतो आणि रस्ता दाखवतो. जीपीएसचा उपग्रह कोणालाच बघत नाही. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून तो मुख्यतः दोनच गोष्टी सांगत राहतो: मी आत्ता कुठे आहे आणि माझ्या घड्याळात किती वाजले आहेत. पुढचं सगळं गणित मोबाइलचं. संदेश यायला साधारण ०.०७ सेकंद लागतो, त्या वेळेवरून मोबाइल त्या उपग्रहाचं अंतर काढतो. अक्षांश, रेखांश आणि उंची मिळायला तीन उपग्रह पुरले असते, पण मोबाइलचं घड्याळ स्वस्तातलं असतं आणि त्याची चूक काढायला चौथा लागतो. सेकंदाच्या अब्जाव्या भागात प्रकाश ३० सेंटीमीटर पुढे जातो, त्यामुळे इथे घड्याळातली बारीक चूकही महाग पडते. उपग्रहावरची अणुघड्याळं आइन्स्टाइनच्या सापेक्षतेमुळे जमिनीवरच्या घड्याळापेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. ही दुरुस्ती आधीच केली नसती, तर एका दिवसात ११ किलोमीटरच्या आसपास चूक साठली असती.

एवढ्या खटाटोपातून उघड्या आकाशाखाली साध्या मोबाइलला आपली जागा साधारण ५ मीटरपर्यंत कळते. म्हणजे हाती येतो तो एक ठिपका. ठिपक्याखाली कोणता रस्ता आहे, तो किती रुंद आहे, पुढच्या पुलाखालून कंटेनर जाईल का, यातलं काहीही उपग्रहाकडून येत नाही. ते येतं नकाशातून. त्यामुळे ट्रकची वाट काढायला उपग्रहावर चालणारं ॲप श्रेष्ठ की कागदी नकाशा, हा वाद मुळात दोन नकाशांमधला आहे. ट्रकला लागणारी माहिती कोणत्या नकाशात आहे, एवढंच बघायचं.

मोबाइलमधला नकाशा म्हणजे चौकांचं आणि त्यांना जोडणाऱ्या तुकड्यांचं जाळं. प्रत्येक तुकड्याला एक आकडा दिलेला असतो, बहुधा तो पार करायला लागणारा वेळ. एड्सगर डाइक्स्ट्रा या डच संगणकशास्त्रज्ञाने १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या रीतीने, किंवा तिच्या सुधारित रूपांनी, कमीत कमी बेरजेचा मार्ग शोधला जातो. कारला एवढं पुरतं. ट्रकसाठी मात्र बेरीज करण्याआधीच काही तुकडे जाळ्यातून काढून टाकावे लागतात: उंची कमी म्हणून, पूल कमजोर म्हणून, वळण अरुंद म्हणून. तुकड्यावर अशी नोंदच नसेल तर प्रणाली तो मोकळा धरते. नोंद नाही म्हणजे अडथळा नाही, असा अर्थ ती लावते. ट्रक चुकीच्या ठिकाणी अडकतो तो बहुतेक वेळा यामुळे, उपग्रहाच्या चुकीमुळे नव्हे. ट्रकची मापं भरता येणारी वेगळी ॲप मिळतात, पण मापं भरली तरी ती कशाशी ताडून बघायची हा प्रश्न राहतोच. आपल्याकडच्या लहान रस्त्यांवर उंचीच्या आणि वजनाच्या नोंदी अजून विरळ आहेत.

आधी उंची घेऊ. हायक्यूब, म्हणजे नेहमीपेक्षा उंच, कंटेनर २.८९६ मीटरचा असतो. ट्रेलरचा तळ जमिनीपासून दीड मीटरवर असेल, तर एकूण उंची ४.४० मीटर. विजेच्या तारा असलेल्या रेल्वे फाटकावर दोन्ही बाजूंना लोखंडी कमान असते, ती ४.६७ मीटरची. वर २७ सेंटीमीटर उरले. महामार्गाखालच्या मोठ्या वाहनांच्या बोगद्याची उंची ५.५ मीटर ठेवतात, पण हलक्या वाहनांसाठीचे बोगदे साडेतीन ते चार मीटरचे असतात आणि साध्या ॲपच्या जाळ्यात दोन्ही सारखेच रस्ते. ब्रिटनमध्ये नियम स्पष्ट आहे: पुलावर पाटी नसेल तर खाली निदान १६ फूट ६ इंच, म्हणजे ५.०३ मीटर जागा आहे असं समजायचं. तिथे कमी उंचीचे पूल छापलेले खास लॉरीचालकांचे नकाशेही विकत मिळतात. तरीही तिथल्या रेल्वेपुलांना वर्षाला दीड हजारांच्या घरात धडका बसतात.

पाटी वाचली तरी तीन बारकावे उरतात. रिकामी गाडी भरलेल्या गाडीपेक्षा उंच उभी राहते, कारण भार उतरला की स्प्रिंगपाटे वर येतात. जाताना भरलेला ट्रेलर पुलाखालून निघतो आणि रिकामा परतताना पुलाला टेकतो तो असा. दुसरं, रस्त्यावर डांबराचा नवा थर पडला की पुलाखालची जागा तेवढ्या सेंटीमीटरने घटते, पाटी मात्र जुनीच राहते. तिसरं फार कमी जणांच्या लक्षात येतं. पूल खोलगट जागेवर असेल, तर लांब ट्रेलरची पुढची चाकं खोलगट भागापलीकडे चढलेली आणि मागची अजून अलीकडे वर असतात, मधलं धूड त्या खोलीवरून सरळ जातं आणि छत पुलाच्या जवळ येतं. पाटीवरची उंची रस्त्यापासून मोजलेली असते, ट्रेलरच्या छतापर्यंतची जागा त्याहून कमी भरते.

वळणाचं गणित इतकंच निर्दयी आहे. डोंगरातल्या तीव्र यू-वळणाची आतली त्रिज्या किमान १४ मीटर असावी आणि दुपदरी मोठ्या रस्त्यावर तिथली रुंदी ११.५ मीटर असावी, असा इंडियन रोड्स काँग्रेसचा संकेत आहे. समजा घोड्याची, म्हणजे ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या गाडीची, पुढची चाकं १४ मीटर त्रिज्येवरून वळताहेत, घोड्याच्या पुढच्या आणि मागच्या चाकांत साडेतीन मीटर आणि ट्रेलरच्या किंगपिनपासून (घोड्याला जोडणाऱ्या खुंटीपासून) मागच्या ॲक्सलपर्यंत ९ मीटर अंतर आहे. १४ च्या वर्गातून ३.५ चा आणि ९ चा वर्ग वजा करून वर्गमूळ काढलं की १०.१ मीटर येतं. पूर्ण वळणात ट्रेलरची मागची चाकं पुढच्यांपेक्षा जवळपास ४ मीटर आतून जातात. ती चाकं तिथल्या गटारात जातील की कठड्यावर, हे वळणाच्या जागेवर ठरतं. जुन्या जिल्हा मार्गांवरची वळणं या मापात बसतीलच असं नाही. स्क्रीनवर ते वळण फक्त एक वाकडी रेघ असते.

वजनाचं थोडक्यात: जुलै २०१८ मध्ये तीन ॲक्सलच्या ट्रकची पासिंग, म्हणजे मालासकट एकूण वजनाची परवानगी, २५ टनांवरून २८.५ टन झाली आणि सर्वांत जड जोडगाड्यांची मर्यादा ४९ वरून ५५ टनांवर गेली. गाड्यांची कागदपत्रं बदलली, पण आडरस्त्यावरचा जुना दगडी पूल होता तसाच आहे. पुलाआधीची वजनाची पाटी हीच तिथली खरी माहिती.

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा मात्र चढ-उताराचा. २८.५ टनांचा ट्रक १:२० च्या चढावर, म्हणजे २० मीटर पुढे जाताना १ मीटर वर चढत असेल, तर गुरुत्वाकर्षण त्याला सुमारे १४,००० न्यूटन बळाने मागे ओढतं. टायरच्या घर्षणाचे आणखी २,२०० धरा. चाकांपर्यंत १३० किलोवॅट शक्ती पोहोचत असेल, तर वेग ताशी २९ किलोमीटरच्या वर जाऊ शकत नाही, कितीही रेटलं तरी. १२ किलोमीटरचा घाट ४५ च्या वेगाने जाणारी कार १६ मिनिटांत पार करते. ट्रकला चढताना २५ मिनिटं लागतात आणि भरल्या गाडीने ताशी २० ने उतरताना ३६. साध्या ॲपचा अंदाज मुख्यतः छोट्या वाहनांच्या वेगावर बेतलेला असतो, म्हणून घाटात ट्रकची वेळ हमखास चुकते. मग उशीर भरून काढण्यासाठी उतारावर घाई होते, आणि खरा धोका तिथेच आहे.

खोपोली ते खंडाळा साधारण ५०० मीटरची उंची आहे. तोच ट्रक तेवढा खाली उतरतो तेव्हा जवळपास १४ कोटी जूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. एवढ्या उष्णतेत ४२० लिटर पाणी २० अंशांवरून उकळीपर्यंत नेता येईल. हा सगळा भार ब्रेकवर टाकला तर ड्रम तापून फुगतो, लायनर (ब्रेकचं घासणारं अस्तर) आणि ड्रममधली फट वाढते, लायनरची पकड सुटते. पायडल पूर्ण दाबलं तरी गाडी थांबत नाही. सारखं दाबून-सोडून ब्रेक मारल्याने टाकीतली हवाही उतरते. म्हणून उतार सुरू होण्याआधीच, चढताना लागला असता तो गिअर किंवा त्याहून खालचा टाकायचा, एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून वेग रोखणारा) चालू ठेवायचा आणि पायाचा ब्रेक मधूनमधून वेग तोडण्यापुरताच वापरायचा. डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये गाडी सोडणं म्हणजे इंजिनाचा ब्रेक आपल्या हाताने काढून टाकणं आहे. तसं कधीही करू नये.

उतार पुढे आहे हे आधी कळायचं कसं? इथे कागद सरस ठरतो. सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर २ सेंटीमीटर म्हणजे १ किलोमीटर आणि डोंगरावरच्या दोन लगतच्या समोच्च रेषांमध्ये (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांमध्ये) २० मीटर उंचीचा फरक. रस्त्यावर दोरा वळणावळणाने ठेवून दोन रेषांमधलं अंतर मोजायचं. ते ८ मिलिमीटर भरलं तर जमिनीवर ४०० मीटर, म्हणजे १:२० चा चढ. ४ मिलिमीटर भरलं तर १:१०, आणि असा रस्ता भरल्या ट्रकने टाळावा. डोंगराळ भागातला नेहमीचा चढ १:२० च्या आत आणि अगदी अपवाद म्हणून ७ टक्क्यांपर्यंत ठेवावा, असा रस्तेबांधणीचा दंडक आहे. हे नकाशे सर्व्हेच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात. एक पत्रक २७ किलोमीटरच्या आसपासचाच भाग दाखवतं, म्हणून सगळ्या प्रवासाची पत्रकं जमवत बसू नये, घाटांची तेवढी घ्यावीत. त्यांवरचे रस्ते जुने असतात, काही महामार्गांना २०१० च्या आधीचे क्रमांकही दिसतील, ६६ च्या जागी १७ आणि ४८ च्या जागी ४. डोंगर मात्र तिथेच आहेत.

कागदाला जे जमत नाही तेही मोठं आहे. पावसाळ्यात वरंध घाट जड वाहनांना बंद झाला, पुढे दरड आली, वाहतूक कोंडली, यातलं काहीच त्याला कळत नाही. रात्री अनोळखी गावाबाहेर आपण नेमके कुठे आहोत हे तो सांगत नाही. आणि धावत्या गाडीत ड्रायव्हरने तो उघडायचाच नाही, ते काम क्लीनरचं किंवा थांब्यावरचं.

ठिपकाही काही ठिकाणी दगा देतो, त्या जागा ओळखून ठेवाव्यात. जमिनीवर पोहोचणारा जीपीएसचा संदेश इतका क्षीण असतो, की एका वॅटचे एक कोटी भाग केले आणि त्यातल्या एकाचे पुन्हा शंभर कोटी, तर त्यातले एक-दोन भाग हाती येतात. तो खडकातून जात नाही. समृद्धी महामार्गावर इगतपुरीजवळच्या जवळपास ८ किलोमीटरच्या बोगद्यात मोबाइल जुन्या वेगावरून अंदाजाने ठिपका पुढे ढकलतो, म्हणून बोगद्याबाहेर पडल्या पडल्या येणाऱ्या सूचनेवर लगेच वळू नये. अरुंद खिंडीत आकाशाची फक्त पट्टी दिसते, संदेश कातळावर आपटून उशिरा येतो आणि अंतर जास्त भरतं. खंडाळ्याजवळ द्रुतगती मार्ग आणि जुना महामार्ग शेजारून जातात, तिथे थोडी चूकही ठिपका भलत्या रस्त्यावर टाकते. हा संदेश दडपणंही फार सोपं आहे. अमेरिकेत न्यूअर्क विमानतळाच्या आवारात एका ड्रायव्हरने मालकाला आपला ठावठिकाणा कळू नये म्हणून छोटा जॅमर लावला होता. विमानतळाची उपग्रहाधारित यंत्रणा त्याने बिघडली आणि २०१३ मध्ये त्याला ३१,८७५ डॉलरचा दंड सुनावण्यात आला.

रेंज गेली की जीपीएस गेलं, हा आणखी एक गैरसमज. जागा कळायला इंटरनेट लागत नाही, स्क्रीनवर चित्र आणायला लागतं. त्या भागाचा नकाशा आधी उतरवून ठेवला तर ठिपका चालत राहतो. फक्त मोबाइल पूर्ण बंद करू नये. नेट नसताना तो पुन्हा सुरू केला, तर उपग्रहांच्या कक्षांची माहिती थेट उपग्रहाकडून घ्यावी लागते आणि ती सेकंदाला ५० बिट इतक्या संथ गतीने येते. एका उपग्रहाची माहिती यायला ३० सेकंद, सगळ्या उपग्रहांचं ढोबळ वेळापत्रक यायला साडेबारा मिनिटं. चार्जर घेताना तो २४ व्होल्टवर चालणारा आहे का हे बघावं, जड ट्रकची वायरिंग २४ व्होल्टची असते आणि फक्त १२ व्होल्टचा चार्जर तिथे जळतो.

मेंदूबद्दलचा एक प्रयोगही इथे सांगायला हवा. २०१७ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी २४ जणांना सोहो भागातल्या रस्त्यांच्या चित्रफितीतून वाट काढायला लावली. स्वतः वाट शोधताना, नव्या रस्त्यात शिरल्यावर जागेची आठवण ठेवणाऱ्या हिप्पोकॅम्पस या भागात हालचाल वाढत होती. सूचना ऐकून चालताना ती वाढ दिसली नाही. म्हणजे निघण्याआधी दहा मिनिटं कागदावर सगळी वाट बोटाने फिरवून बघितली, मधली मोठी गावं, घाट आणि नद्या क्रमाने म्हणून घेतल्या, तर रस्त्यात सूचना चुकली तेव्हा खटकतं. नदी अजून आली नाही, मग हे वळण कसं?

खटकल्यावर लगेच वळू नये. लांब ट्रेलर अरुंद रस्त्यावर मागे घेणं पुढे नेण्यापेक्षा कितीतरी अवघड असतं, म्हणून मोठा रस्ता सोडण्याच्या आधीच, रुंद जागा बघून थांबावं. किलोमीटरच्या दगडाचं डोकं बघावं: पिवळं असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवं असेल तर राज्य मार्ग. ॲप त्यापलीकडच्या बारीक रस्त्यावर नेत असेल, तर समोरून जड गाड्या येताहेत का ते बघावं आणि पेट्रोल पंपावर विचारावं. प्रश्न नेमका हवा: रस्ता चांगला आहे का असं नको, साडेचौदा फूट उंच कंटेनर ट्रक कालपरवा इथून गेला का असं.

आणि कमी उंचीची कमान किंवा बोगदा सापडला, तर दगडावरचा किलोमीटर, पाटीवरची उंची आणि तारीख वहीत लिहून ठेवावी. ओपनस्ट्रीटमॅप हा नकाशा कोणालाही दुरुस्त करता येतो. त्यात रस्त्याचा तो तुकडा निवडून मॅक्सहाइट (कमाल उंची) या रकान्यात मीटरमध्ये आकडा भरायचा, पाटीवर ३.६ असेल तर ३.६. त्या नकाशावर ट्रकची मापं भरून वाट काढणारी प्रणाली माहिती ताजी झाली, की ४.४ मीटरच्या गाडीसाठी तो तुकडा बाजूला ठेवते.