टुपाकचा चरित्रपट: पार्श्वभूमी

अमेरिकन रॅपर टुपाक शकूरवरचा ‘ऑल आईज ऑन मी’ हा सिनेमा १६ जून २०१७ रोजी, त्याच्या ४६व्या जन्मदिनी प्रदर्शित झाला. नाव त्याच्याच १९९६ च्या दुहेरी अल्बमचं. सोलापुरात रॅप करणाऱ्या ज्या पोरांशी माझं बोलणं होतं, त्यांनी तो मोबाइलवर पाहिला. गाणी सगळ्यांना तोंडपाठ, पण गाणारा माणूस सिनेमात भेटलाच नाही, असं एकजात सगळे म्हणाले.

टुपाकची आई ब्लॅक पँथर या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या चळवळीतली. न्यूयॉर्कच्या गाजलेल्या खटल्यातून मे १९७१ मध्ये ती निर्दोष सुटली आणि महिन्याभरात हा जन्मला. २५व्या वर्षी गेलाही.

त्याच्या आयुष्यावर सिनेमा करण्याचा हक्क कोणाचा, यावरून २००९ मध्येच निर्माते आणि आईची कंपनी कोर्टात समोरासमोर आले. तडजोड झाली, पण पुढे दिग्दर्शक बदलत राहिले. १९९३ मध्ये टुपाकला नायक घेऊन सिनेमा केलेला, त्याला जवळून ओळखणारा दिग्दर्शक २०१५ मध्ये बाहेर पडला. टुपाकच्या वारशाची या लोकांना कदर नाही, असं तो उघड म्हणाला. माझ्या मते सिनेमा तिथेच हातातून गेला. अखेर काम आलं ते म्युझिक व्हिडिओंसाठी ओळखल्या जाणाऱ्या दिग्दर्शकाकडे. आई २०१६ च्या मे महिन्यात वारली. तयार सिनेमा तिने प्रदर्शित झालेला पाहिला नाही.

खरा वाद ‘चरित्रपट’ या शब्दाचा. बाल्टिमोरच्या कलाशाळेतली टुपाकची जिवलग मैत्रीण, आता स्वतः नामवंत अभिनेत्री, हिने प्रदर्शनाच्या दिवशीच जाहीर हरकत घेतली. सिनेमात तो तिला कविता वाचून दाखवतो. तशी कविता त्याने कधी वाचलीच नाही आणि पुस्तकात छापून येईपर्यंत ती आहे हेसुद्धा ठाऊक नव्हतं, असं तिचं म्हणणं. सिनेमात दाखवलेलं त्यांच्यातलं रंगमंचामागचं भांडणही घडलेलं नाही, असंही ती म्हणाली. एका पत्रकाराने तर खटला भरला: टुपाकवरच्या माझ्या जुन्या लेखांत मी कल्पनेने घातलेलं पात्र सिनेमाने खरं समजून उचललं, असा त्याचा दावा.

डॉ. कोटणीस आपल्या सोलापूरचे. ते १९४२ मध्ये चीनमध्ये वारले आणि १९४६ मध्ये त्यांच्यावरचा हिंदी सिनेमा आला. नाट्य त्यातही आहे, आणि ते मला चालतं. जिथे माहिती नाही तिथे प्रसंग रचणं वेगळं. साक्षीदार जिवंत असताना तिला न विचारता तिच्या तोंडी आठवण घालणं वेगळं. इथे विचारायला माणसं होती. ती विचारली गेली नाहीत, याचा मला आजही राग येतो.

२०२३ च्या सप्टेंबरमध्ये लास वेगस पोलिसांनी टुपाकच्या खुनाच्या आरोपाखाली एकाला अटक केली. गोळीबाराला तेव्हा २७ वर्षं झाली होती.